सत्तावीस, नऊ, सहा, पाच

‘बल्लारपूर’ या शब्दात अक्षरं किती? चौथीच्या वर्गात बाईंनी हा प्रश्न विचारला असता तर आम्ही सगळ्यांनी बोटं मोडत सांगितलं असतं: ब, ल्ला, र, पू, र. पाच. त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. पण हाच प्रश्न मी २००७ साली पीएचपी नावाच्या संगणकभाषेला विचारला तेव्हा तिनं उत्तर दिलं, २७. पुढं पायथन शिकले, तिसऱ्या आवृत्तीच्या पायथननं सांगितलं, ९. आणखी काही वर्षांनी, माणूस ज्याला ‘एक अक्षर’ म्हणतो तेच मोजण्याचा दावा करणारा एक नियम हाती आला. त्याचं उत्तर ६. चार उत्तरांपैकी एकही हिशेबाची चूक नव्हतं. प्रत्येक उत्तरामागं एक काळ होता, एक देश होता आणि कुणीतरी घाईत घेतलेला एखादा निर्णय होता. या लेखात त्या चार आकड्यांचा इतिहास सांगायचा आहे. तो मी पुस्तकातून शिकले नाही. आमच्या गावातल्या एका वाचनालयाच्या सभासदयादीपायी शिकले.

गावाबद्दल आधी थोडं सांगते. बल्लारपूर म्हणजे गोंड राजा खांडक्या बल्लाळशाहाचं गाव. १५व्या शतकात वर्धा नदीच्या काठावर त्यानं किल्ला बांधला, राजधानी केली. मग राजधानी जवळच चंद्रपूरला गेली आणि किल्ला आमच्याकडं राहिला. रेल्वेनं राजाचं नाव जपलं, स्टेशनच्या पाटीवर आजही बल्लारशाह आहे. दिल्ली-चेन्नई मार्गावरचं हे मोठं जंक्शन. गाडी इथून दक्षिणेला निघाली की थोड्याच वेळात डब्यातली भाषा बदलते. गावात मराठी, हिंदी, तेलुगू ऐकू येते. बाजाराच्या दिवशी गोंडीही. आणि सगळ्या देशाला गाव माहीत आहे ते कागदामुळं. माझे वडील कागदाच्या कारखान्यात होते. आमच्या घरी वह्यांची कधी टंचाई नव्हती. जंगलातला बांबू आत जातो आणि कोरा कागद बाहेर येतो, एवढं उद्योगशास्त्र मला शाळेत जाण्याआधीच कळलं होतं.

कागदाला भाषा कळत नाही, आणि त्याला ती कळावी अशी कुणाची अपेक्षाही नसते. त्यावर मराठी लिहा, तेलुगू लिहा, गोंडी लिहा, शाई तशीच उमटते. संगणक तसा नाही, हे कळायला मला पंचविशी गाठावी लागली.

मी बी.ए. मराठी केलं. सरकारी नोकरीच्या अर्जाला एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र लागे, म्हणून तोही अभ्यासक्रम केला. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना २००१ची आणि हा अभ्यासक्रम २००२चा. तालुक्या-तालुक्यात, किराणा दुकानाच्या माडीवरसुद्धा, त्याची केंद्रं उघडली. माझ्या पिढीतल्या हजारो मुलामुलींचा माउसला पहिला हात तिथंच लागला. पण तिथं संगणक वापरायला शिकवत. संगणकाला काम सांगायचं कसं, हे शिकायला मी पुढं एका खासगी वर्गात गेले. तिथं पीएचपी होती.

पीएचपी ही ‘स्क्रिप्टिंग’ भाषा. म्हणजे काय, हे वर्गात नीट कुणी सांगितलं नाही. नाटकं वाचत असल्यामुळं मला ते आपोआप कळलं. स्क्रिप्ट म्हणजे संहिता. सी सारख्या भाषेत लिहिलेला कार्यक्रम आधी पूर्णपणे यंत्राच्या भाषेत उतरवावा लागतो आणि मग चालतो. ग्रंथाचा अनुवाद छापून यावा तसा. स्क्रिप्टिंग भाषेत दुभाष्या शेजारी बसलेला असतो. तुम्ही लिहायचं, त्यानं वाचायचं आणि लगेच करून दाखवायचं. चुकलं तर तिथंच कळतं, दुरुस्त केलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू. शिकणाऱ्याला ही सोय फार मोठी. संगणकाचा पूर्ण अभ्यास नसलेल्या माझ्यासारखीला दारातून आत घेतलं ते या भाषांनी.

या भाषांची जन्मकथा पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. त्या मोठ्या योजनेतून जन्मल्या नाहीत. कुणाच्या तरी दारचं छोटं काम अडलं होतं, म्हणून जन्मल्या. लॅरी वॉल यांनी १९८७ साली पर्ल प्रसिद्ध केली ती मजकूर चाळून अहवाल काढण्यासाठी. गिडो व्हॅन रॉसम यांनी १९८९च्या नाताळच्या सुट्टीत हाताला चाळा म्हणून पायथन लिहायला घेतली, १९९१ साली ती लोकांपुढं आली. रॅस्मस लेर्डोर्फ यांना इंटरनेटवर ठेवलेली आपली वैयक्तिक माहिती कोण पाहून जातं ते मोजायचं होतं. त्यासाठी लिहिलेल्या छोट्या साधनांना त्यांनी ‘पर्सनल होम पेज’ असं नाव दिलं आणि १९९५ साली ती सगळ्यांना वाटली. तीच पीएचपी. त्याच वर्षी नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्टचं पहिलं रूप दहा दिवसांत उभं केलं. चौघांच्याही डोळ्यांसमोर जो मजकूर होता तो रोमन लिपीतला. १९६३ साली ठरलेल्या ‘आस्की’ या संकेतात एकूण जागाच १२८. त्यात इंग्रजीची मोठी-छोटी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं आणि यंत्राच्या काही खुणा बसत. एक अक्षर म्हणजे एक बाइट, हे समीकरण त्यांच्यासाठी निसर्गनियमासारखं होतं. यात दुष्टावा शोधण्याचं कारण नाही. आपल्या अंगणापुरतं लिहिलेलं काहीतरी साऱ्या जगानं उचललं, एवढंच.

आपल्याकडं लोक स्वस्थ बसले नव्हते. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं भारतीय लिप्यांचं काम पुण्याच्या सी-डॅकमध्ये ‘जिस्ट’ या नावानं वाढलं. ‘इस्की’ हा भारतीय लिप्यांचा संकेत तयार झाला आणि १९९१ साली भारतीय मानक म्हणून त्याला मान्यता मिळाली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८च्या आराखड्यावरून घेतलेली आहे. आज फोनवर आपण जे मराठी टंकतो, त्याच्या मुळाशी हे काम आहे. पण मधली १५-२० वर्षं छापखान्यांत आणि कार्यालयांत चालले ते फॉन्ट वेगळेच होते. त्यांत इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरीचं चित्र बसवलेलं असे. पडद्यावर ‘क’ दिसे, आत मात्र भलतंच काही साठवलेलं असे. फॉन्ट होता तोवर ते मराठी, फॉन्ट काढला की नुसती अर्थहीन अक्षरं.

आमच्या वाचनालयाची यादी अशाच एका जुन्या फॉन्टात होती. २००७च्या पावसाळ्यात ग्रंथपालकाकांनी मला विचारलं, “तू ते कॉम्प्युटरचं शिकतेस ना? मग आपली देवघेव त्यात बसव की.” मी हो म्हणाले. पीएचपीत नोंदीची पानं लिहिली, मायएसक्यूएल या संग्राहकात तक्ते केले, आणि गंमत म्हणजे सगळं सुरळीत चाललं. चालायचंच, कारण पीएचपीच्या दृष्टीनं ते मराठी नव्हतंच. एक चित्र, एक बाइट. फक्त शोध आणि क्रम यांत घोळ होई. एक दिवस काकांच्या मुलानं ती यादी नागपूरला आपल्या संगणकावर उघडली. त्याच्याकडं तो फॉन्ट नव्हता. त्यानं फोन करून विचारलं, “बाबा, हे काय पाठवलं तुम्ही?”

मग सगळं युनिकोडमध्ये करायचं ठरलं. नवं पान मी केलं, काकांनी दोन दिवस बसून ४१२ सभासदांची नावं पुन्हा टंकली. यादी दाखवणारं पान मी अजून लिहिलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी लिहिलं आणि उघडलं. ४१२ ओळी, आणि प्रत्येक ओळीत नुसती प्रश्नचिन्हं.

कारण शोधायला मला आठवडा लागला. मायएसक्यूएल ही मूळची स्वीडनमधली. काही सांगितलं नाही तर ती मजकूर पश्चिम युरोपच्या संकेतात साठवी आणि स्वीडिश वर्णक्रमानं लावी. मी काही सांगितलं नव्हतं. देवनागरीचं अक्षर आलं की तिच्या खणात त्याला जागा नसे, म्हणून ती त्याऐवजी प्रश्नचिन्ह ठेवी. नावं दडली असती तर काढता आली असती, पण ती साठवलीच गेली नव्हती. काकांना हे सांगायला गेले तेव्हा ते पेपर वाचत होते. ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “जुनी नोंदवही हाये ना अजून. कागद कुठं जात नाही.” आणि पुन्हा टंकायला बसले. कागद बनवणाऱ्या गावात त्या दिवशी मला पहिल्यांदा आपल्या कामाची लाज वाटली.

त्या आठवड्यात मी २७चा अर्थही शिकले. युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक असतो. देवनागरीचे क्रमांक २३०४ ते २४३१. हे क्रमांक बाइटमध्ये कसे मांडायचे, याची आज जगभर चालणारी रीत म्हणजे यूटीएफ-८. ती केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२च्या सप्टेंबरात न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत ताटाखाली घालायच्या कागदावर मांडली. हे वाचलं तेव्हा मला बरं वाटलं, शेवटी कागदच. या रीतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. ‘बल्लारपूर’मध्ये चिन्हं नऊ: ब, ल, हलन्त, ल, काना, र, प, दीर्घ उकार, र. नऊ त्रिक सत्तावीस. पीएचपीचं साधं मोजमाप बाइट मोजतं, म्हणून २७. नावांची अद्याक्षरसूची करताना मी तिला ‘पहिलं अक्षर दे’ म्हटलं तर ती ‘ब’चा एक तृतीयांश तुकडा काढून देई. पडद्यावर काळ्या चौकोनात प्रश्नचिन्ह उमटे. बहुबाइट मजकुराची वेगळी साधनं पीएचपीत होती, पण ती मुद्दाम मागून घ्यावी लागत. भाषेच्या गाभ्यातच युनिकोड आणण्यासाठी पीएचपी ६ची मोठी योजना झाली. ती २०१० साली सोडून दिली गेली, आणि पुढं पाचनंतर थेट सातवी आवृत्ती आली.

पायथननं उलटा मार्ग धरला. ३ डिसेंबर २००८ रोजी तिची तिसरी आवृत्ती आली. तिनं मजकूर आणि बाइट ही दोन वेगळी प्रकरणं आहेत असं ठामपणे सांगितलं आणि त्यासाठी जुन्या कार्यक्रमांशी जमवून घेणं सोडून दिलं. लोक वैतागले. दोन्ही आवृत्त्या समांतर चालत राहिल्या, दुसरीला अधिकृत निरोप मिळाला तो १ जानेवारी २०२०ला. ११ वर्षांचा हा त्रास जगानं कशासाठी सोसला, असं कुणी विचारलं तर त्याच्या अनेक उत्तरांपैकी एक म्हणजे ‘बल्लारपूर’ची लांबी २७ ऐवजी ९ यावी म्हणून.

याच सुमारास मी ‘फ्रेमवर्क’ शिकले. घर बांधताना प्रत्येक जण विटेचा आकार नव्यानं ठरवत नाही, चौकटी तयार मिळतात, तसंच हे. नोंद साठवायची कशी, पानावर दाखवायची कशी आणि वाचकाची मागणी कुणाकडं न्यायची, ही तीन कामं वेगळी ठेवायची, हा विचार नॉर्वेच्या ट्रिग्वे रेन्स्काउग यांनी १९७९ साली झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत मांडला होता. मला तो वाचनालयात लगेच दिसला: कपाटातली नोंदवही, दर्शनी फळा आणि दोघांमध्ये टेबलाशी बसलेले काका. रूबी भाषेतली ‘रेल्स’ २००४ची. पायथनची ‘जँगो’ अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत तयार झाली आणि २००५ साली सर्वांना खुली झाली. बातमी संध्याकाळपर्यंत पानावर गेलीच पाहिजे, या निकडीतून ती घडली. २०११ साली पीएचपीची ‘लारावेल’ आली. २००९ साली वाचनालयाचं सगळं काम मी नव्यानं एका फ्रेमवर्कमध्ये बांधलं. संग्राहकाच्या मांडणीत एकदाच ‘यूटीएफ-८’ लिहिलं. प्रश्नचिन्हं गेली. ‘क्षीरसागर’ अजून ‘क’मध्ये सापडत, जुन्या नोंदवहीत ते ‘ह’च्या नंतर शेवटी असत, एवढं सोडलं तर काका खूश होते. मला वाटलं, आपण जिंकलो.

फ्रेमवर्कची खोड अशी की ती तुमच्या वतीनं बरंच ठरवते, आणि तिनं काय ठरवलं ते तुम्ही विसरून जाता.

२०१९ साली एक निवृत्त गुरुजी सभासद व्हायला आले. रविवारी मुलांना गोंडी लिपी शिकवत. ही लिपी राजांच्या काळची नव्हे. मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ साली ती रचली. २०१७ साली युनिकोडच्या दहाव्या आवृत्तीत तिला जागा मिळाली. आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाळा गावच्या हस्तलिखितांतली दुसरी गोंडी लिपी त्याच्या पुढच्या वर्षी आली. गुरुजींच्या नातवानं फोनवरून त्यांचं नाव या अक्षरांत पाठवलं. मी ते अर्जाच्या रकान्यात डकवलं, नोंद झाली असं पान म्हणालं, आणि यादीत नावाची जागा कोरी.

गुरुजी माझ्या खुर्चीमागं उभे होते. म्हणाले, “माह्यं नाव कुठी गेलं, पोरी?”

मसराम गोंडीचे क्रमांक ७२९६० पासून सुरू होतात. ६५,५३६च्या पलीकडच्या चिन्हाला यूटीएफ-८मध्ये चार बाइट लागतात. आणि मायएसक्यूएलमध्ये ज्याला ‘यूटीएफ-८’ म्हणत, ते चिन्हामागं तीनच बाइट ठेवत होतं. मराठी तीनमध्ये बसते, म्हणून दहा वर्षं मला काही जाणवलं नाही. आमच्या जुन्या मांडणीत चार बाइटचं चिन्ह आलं की त्याच्यासकट पुढचा मजकूर निमूट कापला जाई. पूर्ण यूटीएफ-८ वेगळ्या नावानं २०१० सालीच उपलब्ध झालं होतं, पण काही न सांगता मिळणारं म्हणून ते आलं २०१८च्या आठव्या आवृत्तीत. आणि मधल्या काळात जगभरच्या कारागिरांनी धावपळ करून आपले तक्ते बदलले ते प्रामुख्यानं हसऱ्या चेहऱ्यांच्या इमोजींसाठी. त्यांनाही चार बाइट लागतात. २०११च्या जनगणनेत सुमारे ३० लाख लोकांनी मातृभाषा म्हणून नोंदवलेल्या भाषेच्या लिपीला दार उघडलं ते इमोजीच्या मागोमाग.

ज्या गावाला गोंड राजाचं नाव आहे, त्या गावच्या वाचनालयात गोंडी नाव मावत नव्हतं, आणि ते वाचनालय मी बांधलं होतं. मला प्रश्नचिन्हं आली तेव्हा किमान काहीतरी बिघडलंय हे दिसलं होतं. गुरुजींच्या वाट्याला तेही आलं नाही. त्या रात्री मी संग्राहकाची आवृत्ती बदलली, प्रत्येक तक्त्याची मांडणी बदलली. पानावरच्या जावास्क्रिप्टमध्ये ‘नाव ३० अक्षरांपर्यंत’ अशी अट होती. ती भाषा या लिपीचं प्रत्येक चिन्ह दोन धरते, म्हणून मोजणीची रीतही बदलली. दुसऱ्या दिवशी गुरुजींना बोलावलं. नाव उमटलं. त्यांनी ते नुसतं पाहिलं नाही, मोठ्यानं वाचलं, आणि मग एक पुस्तक घेऊन गेले.

उरला आकडा सहाचा. वाचणाऱ्याला जे एक अक्षर वाटतं ते मोजण्याचा नियम युनिकोडनं पुष्कळ आधी केला होता. पण त्यात काना, मात्रा, उकार अक्षराला जोडलेले असत, जोडाक्षर मात्र हलन्ताशी तुटे: ब, ल्, ला, र, पू, र. सहा. सप्टेंबर २०२३मध्ये आलेल्या १५.१ आवृत्तीत हा नियम सुधारला आणि ‘ल्ला’ एक झालं. चौथीच्या वर्गातलं उत्तर यंत्रांच्या जागतिक नियमात शिरायला युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीपासून ३२ वर्षं लागली.

आता सुट्टीत मी वाचनालयाच्या मागच्या खोलीत मुलींना पायथन शिकवते. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पातल्या अनेक पाठांना मराठी आवाज आहे, त्यांची मदत होते. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीत चलांची नावं देवनागरीत ठेवता येतात, म्हणून मुली ‘नाव’, ‘वय’, ‘गाव’ असं बिनधास्त लिहितात. पहिल्या तासाला मी फळ्यावर गावाचं नाव लिहिते आणि अक्षरं मोजायला सांगते. मग यंत्राला विचारायला लावते. उत्तर ९ आलं की वर्गात गलका होतो. पुढचे दोन महिने आम्ही त्या चारच्या फरकाचा शोध घेत असतो.

गेल्या वर्षी त्यांच्यातल्या एकीनं, गुरुजींच्या नातीनं, विचारलं, “मॅडम, २०२३च्या त्या जोडाक्षराच्या नियमात आपली लिपी आहे का?” आम्ही दोघींनी मिळून त्या आवृत्तीची यादी उघडली. सहा लिप्या होत्या: देवनागरी, बंगाली, गुजराती, उडिया, तेलुगू, मल्याळम. मसराम गोंडी नव्हती. तिनं ते वहीत लिहून घेतलं, आणि खाली आपल्या लिपीत जोडाक्षरं मोजण्याची एक छोटी संहिता लिहायला घेतली. पहिल्या ओळीत चूक होती. दुभाष्यानं ती लगेच दाखवली. तिनं ती खोडली आणि पुन्हा लिहिली.